घरचा अ‍ॅम्प्लिफायर

बारावीचा निकाल लागला त्यात मी नापास होते. पुन्हा परीक्षेला बसेपर्यंत घरी राहण्यापेक्षा बरं, म्हणून अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात लागले आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. कारखान्यात ऑफिसांसाठी इंटरकॉम बनायचे. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही अठरा मुली बसायचो, प्रत्येकीपुढे पार्टांच्या छोट्या वाट्या. माझ्याकडे सात पार्ट होते: चार रेझिस्टन्स, दोन कंडेन्सर आणि एक डायोड. ते बोर्डाच्या ठरलेल्या भोकांत घालायचे, मागून सोल्डर करायचे, तारांची टोकं कापायची आणि बोर्ड शेजारणीकडे सरकवायचा. दोन वर्षं मी हेच केलं. हात इतका बसला होता की गप्पा मारतानाही सोल्डर नीट पडायचं.

पण माझे सात पार्ट सोडले तर त्या बोर्डावर काय चालतं ते मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे सात पार्टांचंही माहीत नव्हतं. एकदा ट्रे पोचवायला टेस्टिंगच्या खोलीत गेले. तिथे बदलापूरहून येणारे एक सर एकटेच बसायचे. पन्नाशी उलटलेले, अंगात कायम पांढरा हाफ शर्ट, बोलणं मोजकं. त्यांनी एका बोर्डाला तारा लावल्या आणि त्यातून स्वच्छ 'टूं' असा आवाज आला. मी दोन वर्षांत तो पहिल्यांदा ऐकला.

"सर, यात माझे सात पार्ट काय करतात?" मी विचारलं.

त्यांनी सोल्डरिंगची आयर्न माझ्या हातात दिली. "त्यातला एक काढ."

मी एक कंडेन्सर काढला. त्यांनी पुन्हा तारा लावल्या. आता तोच आवाज घसा बसल्यासारखा, फाटका येत होता.

"हे करतो तो," सर म्हणाले. "बसव परत. माल जायचाय."

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर उरकून मी टेस्टिंगच्या खोलीत जायला लागले. टेबलावरच्या मुली हसायच्या, पण सर रोज एका पार्टाबद्दल सांगायचे आणि मी माझ्या वहीत लिहून घ्यायचे. पाच-सहा महिने असे गेले. मग एक दिवस त्यांनी डायरीचं एक पान फाडून दिलं. त्यावर पेन्सिलीने सर्किटचा नकाशा काढला होता.

"अ‍ॅम्प्लिफायर आहे. घरी कर," ते म्हणाले. "इंटरकॉम करून घरात कुणाशी बोलणार तू? अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चूक केलीस की ती सगळ्या गल्लीला ऐकू येते. माणूस लवकर शिकतो."

अ‍ॅम्प्लिफायरचा आमच्या घरी उपयोगही होता. बाबा दुसऱ्या एका कारखान्यात फिटर होते आणि आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत मुख्य गाणारे होते. विहारातले कार्यक्रम, जयंती, लग्नं, कुणी गेलं की पुण्यानुमोदन, सगळीकडे त्यांची पार्टी जायची. पेटी बाबांची, ढोलकी शेजारच्या गल्लीतल्या एका काकांची. पार्टीने वर्गणी काढून दोन मोठे स्पीकर घेतले होते, पण अ‍ॅम्प्लिफायर दर वेळी भाड्याने आणावा लागायचा. तो कधी वेळेवर मिळायचा, कधी दुसऱ्याच्या लग्नात अडकलेला असायचा. मी बाबांना म्हणाले, "मी अ‍ॅम्प्लिफायर करणार आहे."

बाबा पेटीचा भाता पुसत होते. "कर," म्हणाले. "पण माझ्या पेटीजवळ नको."

सामान आणायला उल्हासनगरला गेले. कॅम्पात इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्टांची दुकानं एका ओळीत होती. सगळीकडे पुरुष गिऱ्हाइकं, काउंटरवर पुरुष, आणि मी यादी दाखवली की यादी कुणी दिली हा प्रश्न. शेवटच्या टोकाला एका अरुंद दुकानात एक सिंधी बाई बसलेली दिसली. साठीची असेल. डोक्यावरून ओढणी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नवरा गेल्यावर तिने दुकान चालवायला घेतलं होतं. ते तिनेच पहिल्या भेटीत सांगितलं, आणि हेही सांगितलं की यातलं एकही यंत्र कसं चालतं ते तिला ठाऊक नाही.

"मुझे बस नंबर मालूम है," ती म्हणाली. "तू नंबर बोल, मैं डब्बा बोलती हूँ."

मी नंबर बोलत गेले आणि ती मागे न बघता हात मागे नेऊन भिंतीवरच्या शेकडो डब्यांतून नेमका डबा काढत गेली. रेझिस्टन्स, कंडेन्सर, डायोड, शेवटी दोन मोठे ट्रान्झिस्टर. ते रुपयाच्या नाण्याहून मोठे, लोखंडी टोपी घातल्यासारखे दिसणारे. सगळी ताकद त्या दोघांत असते असं सरांनी सांगितलं होतं. ट्रान्सफॉर्मर तिने समोरच्या वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घ्यायला सांगितला. निघताना विचारलं, "शादी में बजाएगी?"

"बाबा गातात," मी म्हटलं.

"अच्छा है, पुट," ती म्हणाली. सिंधीत लेकराला पुट म्हणतात, हे मला नंतर कळलं.

बोर्ड कारखान्यात तयार मिळायचा; घरी तो करायचा होता. तांब्याचा पत्रा चढवलेल्या कोऱ्या पाटीवर मी बहिणीच्या लाल नेलपॉलिशने रेषा काढल्या. जिथे नेलपॉलिश तिथलं तांबं राहतं, बाकीचं फेरिक क्लोराइडच्या पाण्यात विरघळतं. प्लॅस्टिकच्या टबात ते तपकिरी पाणी करून मोरीत बसले आणि पाटी हलवत राहिले. तांबं उतरायला लागलं तसा आनंद झाला, आणि टब किंचित कलंडला. पाणी थोडंच सांडलं, पण शेजारी आईचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं होतं. आई आली तेव्हा पातेल्याच्या बुडाला फेस येत होता. धुऊन घेतलं तर बुडाला भोक.

आईने पातेलं उजेडाकडे धरून एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "हे पाणी कुणाला पाजायचं नाही ना?"

"नाही."

"मग पुढच्या वेळी अंगणात." मोरीच्या फरशीवरचा तपकिरी डाग घासून घासूनही गेला नाही. पाहुणी आली की आई आधीच सांगायची, तो गंज नाही, माझ्या मुलीचं काम आहे.

पेटीजवळ नको म्हणणारे बाबा स्वतःच कामात ओढले गेले ते फिटरच्या कामामुळे. मोठे ट्रान्झिस्टर तापतात, म्हणून ते अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवायचे असतात, आणि मधे अभ्रकाची पातळ चकती ठेवायची असते, म्हणजे उष्णता जाते पण करंट जात नाही. मी त्या पट्टीला हातड्रिलने भोकं पाडत होते. बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग पट्टी माझ्या हातातून घेतली.

"ही कड बघ. याचे दात राहिलेत. तुझी ती चकती फाटेल."

त्यांनी सगळी भोकं पुन्हा पाडली, कानशीने कडा घासल्या, बोट फिरवून बघितलं, परत घासल्या. नंतर पत्र्याची पेटीही त्यांनीच वाकवून दिली, चारी कोपरे काटकोनात. सोल्डरिंगला मात्र त्यांनी हात लावला नाही. माझ्या पाठीमागे उभं राहून एवढंच म्हणाले, "हात चांगला आहे गं तुझा." बाबांनी माझ्या कामाबद्दल काही म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. एवढी वर्षं मी तेच काम दिवसभर करत होते, पण त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

सरांनी बजावलं होतं की पहिल्यांदा सरळ करंट द्यायचा नाही. शंभर वॉटचा दिवा मधे लावायचा. दिवा भक्कन पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. मी तसाच दिवा लावला, घरातल्या सगळ्यांना मागे उभं केलं आणि बटण दाबलं. दिवा उजळला, मंद झाला, जवळजवळ विझला. रेडिओचा जुना छोटा स्पीकर लावून बाबांनी माइकमध्ये "हॅलो" म्हटलं. घरात "हॅलो" आला. बहिणीने टाळ्या वाजवल्या. मागे एक बारीक घुंघुं होती, पण त्या दिवशी तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पार्टीची मंडळी तालमीला आमच्या ओट्यावर जमली. मोठा स्पीकर आणला. बाबांनी पेटी ओढली, ढोलकीवाले काका बसले, दोन कोरसवाले. पहिलं गाणं छान गेलं. दुसऱ्यात ढोलकी जोरात आली तसा मी आवाज थोडा वाढवला. तेवढ्यात स्पीकरमधून 'धप्' असा एकच आवाज आला, त्याचा पडदा पुढे येऊन तसाच ताठ राहिला आणि जळक्या वार्निशचा वास सुटला. मी वायर खेचून काढली. फ्यूज उडाला होता, पण स्पीकर त्याच्या आधीच गेला होता.

पेटी, ढोलकी थांबली. मग ढोलकीवाले काका म्हणाले, "सगळ्यांच्या वर्गणीचा स्पीकर होता तो."

"पोरींनी टेबलावर जोडायचं ते वेगळं," कोरसमधले एक जण म्हणाले. "हे मेकॅनिकचं काम."

बाबांनी पेटीचा भाता बंद केला. "माझ्या घरात जळलाय," ते म्हणाले. "मी भरून देईन. तालीम आज बिनमाइकची करू." आणि खरंच त्यांनी पुढचं गाणं धरलं. मी घरात जाऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसले. बाहेर गाणं चाललं होतं ते मला ऐकवत नव्हतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते त्या माणसाचं बोलणं नव्हे. माझं सोल्डर कुठेतरी चुकलं असणार, ही खात्री लागली होती. माझ्या सोल्डरवर, त्या एका गोष्टीवर, माझा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बोर्ड सरांपुढे ठेवला. त्यांनी भिंगाने एकेक जोड पाहिला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग म्हणाले, "जोड सगळे बरोबर आहेत. चकतीही फाटलेली नाही. ट्रान्झिस्टर कुठून आणलेस?"

मी सांगितलं. ते उठले, मेंटेनन्समधून हॅकसॉ आणली आणि जळलेला ट्रान्झिस्टर व्हाइसच्या पकडीत धरून म्हणाले, "टोपी काप."

मी टोपी कापली. आत तांब्याच्या बैठकीवर मोहरीएवढा काळा ठिपका होता. सरांनी मोडीतल्या एका यंत्रातून तोच नंबर असलेला जुना ट्रान्झिस्टर काढला आणि तोही कापायला लावला. त्यातला तुकडा चांगला मसुरीच्या डाळीएवढा होता.

"नंबर मोठ्याचा छापलाय आणि आत बारका घातलाय," सर म्हणाले. "हळू आवाजाला चालला, ढोलकी आली तेव्हा मेला. मेला की सगळा करंट सरळ स्पीकरमध्ये. तुझी यात एकच चूक, विकत घेतलेल्या वस्तूवर छापलेलं खरं मानलंस."

मला एकदम हलकं वाटलं, आणि पाठोपाठ राग आला. दोन्ही कापलेले ट्रान्झिस्टर रुमालात बांधून मी सुट्टीच्या दिवशी उल्हासनगर गाठलं. रस्ताभर काय बोलायचं ते ठरवत होते. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती तरी थांबले नाही. रुमाल काउंटरवर सोडला.

"ये देखो आंटी. ये असली, ये आपका."

तिने चष्मा वर सरकवला, दोन्ही टोप्यांच्या आत बघितलं. गिऱ्हाइकंही वाकून बघायला लागली. मला वाटलं ती आता आवाज चढवणार, हे माझ्या दुकानातलं नाहीच म्हणणार. तिने मागे हात नेऊन तोच डबा काढला, त्यातला एक ट्रान्झिस्टर उचलला आणि नोकराला म्हणाली, "आरी ला."

तोही कापला. आत मोहरी.

तिने डब्याला झाकण लावलं आणि तो काउंटरखाली ठेवून दिला. गिऱ्हाइकांना म्हणाली, "ये नंबर आज नहीं है." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "वो थे तब हाथ में लेके पहचानते थे. मैं तो डब्बा पहचानती हूँ, पुट. अंदर का कौन बताए?"

माझा राग तिथेच ओसरला. तिला फसवणारा कुणी तिसराच होता, आणि तिला ते कळायला वाटच नव्हती. तिने दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आणलेले चार ट्रान्झिस्टर माझ्यासमोर ठेवले. मी सरांकडे शिकले होते तसे मीटर लावून, हातात तोलून बघितले आणि त्यातले दोन निवडले. अस्सल ट्रान्झिस्टर हाताला जड लागतो. जळालेला स्पीकर घेऊन ये, असं ती म्हणाली. दोन दिवसांनी मी आणि बाबा तो घेऊन गेलो तेव्हा तिने तो ओळखीच्या कारागिराकडून नवी कॉइल घालून आणला आणि आमच्याकडून काही घेतलं नाही. वर एक अट घातली. महिन्यातून एकदा यायचं आणि तिच्या डब्यांतला माल तपासून द्यायचा. बाबा मला विचारून "हो" म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला मीटर वाचता येतं?"

"येतं," मी म्हटलं.

"मला वाटलं नुसतं जोडताच येतं."

नवे ट्रान्झिस्टर घातले, आवाज आला, पण ती घुंघुं आता मोठ्या स्पीकरवर स्पष्ट ऐकू यायला लागली. बाबा गाताना थांबले की खोलीत भुंगा शिरल्यासारखं वाटायचं. मी कंडेन्सर बदलले, वायरी बदलल्या, काही फरक नाही. सर म्हणाले, "रविवारी घरी घेऊन ये."

बदलापूरच्या कुळगावात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पत्र्याची ती जड पेटी गोधडीत गुंडाळून मी आणि बहीण घेऊन गेलो. दार सरांच्या बायकोने उघडलं. आत या म्हणाल्या, पाणी दिलं, मग पोहे आणि चहा. आम्हाला आलेल्या कपबशा आणि त्यांनी स्वतःला घेतलेल्या एकाच सेटमधल्या होत्या. ते मी बघितलं, आणि आपण ते बघतोय हेही माझ्या लक्षात आलं. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी माझ्यासाठी वेगळा पेला होता. तेव्हापासून माझी नजर आधी भांड्यांवर जाते. बहिणीने दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले तेव्हा मीही घेतले.

सरांनी पेटी उघडली आणि स्वतःकडचा स्पीकर, माइक जोडला. बाबांनी वाकवलेले कोपरे बघून म्हणाले, "हे कुणी केलं? छान आहे." मग ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढून तो लाकडी पट्टीने हळूहळू फिरवायला लागले. घुंघुं कमीजास्त व्हायला लागली. एका कोनात ती निम्म्यावर आली.

"याचं चुंबक तुझ्या माइकच्या वायरीत घुसत होतं. आता बाकीचं तू शोध. अर्थच्या तारा कुठे कुठे जोडल्यास?"

मी दाखवलं. जिथे जवळ पडेल तिथे जोडल्या होत्या, चार-पाच ठिकाणी.

"एका घरात पाच नळ आणि सगळ्यांचं सांडपाणी एकमेकांच्या मोरीतून," ते म्हणाले. "सगळ्या काढ. एकाच बोल्टवर आण."

मी त्यांच्या टेबलावर बसून सगळ्या तारा काढल्या आणि एका बोल्टवर आणल्या. तासभर गेला. काकू मधेच येऊन बघून गेल्या. बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं पुन्हा मेला. सरांनी माइकवर नुसतं नख घासलं आणि स्पीकरमधून 'खर्र' आलं. अ‍ॅम्प्लिफायर चालू होता. फक्त गप्प होता.

"आता झाला," सर म्हणाले.

जयंतीला तीन आठवडे राहिले होते. बाबांनी भाड्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचं सांगून ठेवलं होतं आणि ते मला राग येऊ नये म्हणून माझ्यापासून लपवलंही होतं. आईकडून कळलं तेव्हा मी थेट विचारलं.

"पार्टी तयार होत नाही," बाबा म्हणाले. "आणि त्यांचं चूक नाही. एकदा स्पीकर जळालाय."

"मग काय केलं तर तयार होतील?"

बाबांनी विचार केला. फिटर माणूस, त्यांच्या कारखान्यात दुरुस्त केलेली मशीन आधी एक शिफ्ट रिकामी चालवून बघायचे. म्हणाले, "कार्यक्रम तीन तासांचा असतो. तीन तास आम्ही गातो. तुझं यंत्र टिकलं तर नेऊ."

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मंडळी जमली. पंक्तीला बसल्यासारखे सगळे ओट्यावर, आणि मी दारात, अ‍ॅम्प्लिफायरजवळ. ढोलकीवाले काका बसताच म्हणाले, "मी हळू वाजवणार नाही हां."

"वाजवूच नका हळू," मी म्हटलं.

पहिला तास गेला. मी दर दहा मिनिटांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला बोट लावून बघत होते. गल्लीतली माणसं दाराशी यायला लागली. रविवार होता, कुणालाच घाई नव्हती. बायका भाजी निवडत आमच्या पायऱ्यांवर बसल्या. दुसऱ्या तासात पट्टीवर बोट ठेवणं कठीण झालं. आई आतून माझा चेहरा बघत असावी, कारण ती उठली, घरातला एकुलता एक टेबलफॅन बाबांच्या तोंडासमोरून उचलला आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी ठेवला.

बाबा गाणं न थांबवता तिच्याकडे बघून हसले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. पंखा त्यांना परत मिळाला नाही.

एकला कुणीतरी म्हणालं, तीन तास झाले. ढोलकीवाले काका थांबले नाहीत. अजून एक घेऊ म्हणाले, मग अजून एक. पावणेदोनला बायकांनीच आरडाओरडा केला की स्वयंपाक राहिलेत, तेव्हा बैठक मोडली. काका ढोलकी कापडात गुंडाळताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "ढोलकीचा माइक जरा वाढवता येईल का? डावी बाजू दबते."

"येईल," मी म्हटलं. तेवढंच आमचं बोलणं झालं आणि मला ते पुरलं.

जयंतीला मैदानात मांडव होता. भाड्याचा अ‍ॅम्प्लिफायर बाबांनी आदल्या दिवशीच नको म्हणून कळवला होता. मी पांढरी साडी नेसून स्टेजच्या बाजूला खुर्ची टाकून बसले, हातात स्क्रूड्रायव्हर आणि पदरात दोन जादा फ्यूज. भाषणं झाली, मग पार्टी चढली. रिवाजाप्रमाणे बाबांनी आधी वंदना केली, मग साथीदारांची ओळख करून दिली: ढोलकीला कोण, कोरसला कोण. सगळी नावं संपल्यावर ते थांबले. मला वाटलं पेटीचा सूर बघतायत.

"आणि हा जो आवाज तुम्हाला ऐकू येतोय," बाबा माइकमध्ये म्हणाले, "तो आमच्या मुलीने केलाय. घरी."

मांडवात टाळ्या झाल्या. सगळी डोकी माझ्याकडे वळली आणि मी घाईघाईने अ‍ॅम्प्लिफायरवर वाकले, काही बघायचं नव्हतं तरी. बाबांनी लगेच गाणं धरलं. त्या गाण्याच्या वेळी मी आवाज किती ठेवला होता, पट्टी तापली होती का, मला काही आठवत नाही.

पुढे आजूबाजूच्या वस्त्यांतून मागण्या आल्या. बदलापुरातल्या एका भजनी मंडळाला केला, बारवी धरणाकडच्या एका शाळेला केला, एकूण अकरा केले. एकही स्पीकर जळला नाही. दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी बाहेरून माणूस आणायचं चाललं होतं, पण त्यांनी मालकाला सांगितलं की आधी हिची परीक्षा घ्या. बिघडलेले म्हणून दहा बोर्ड माझ्यापुढे ठेवले होते. नऊ बोर्डांतले बिघाड सापडले. दहाव्यात बिघाडच नव्हता, आणि तसं मी सांगितलं तेव्हा मालक सरांकडे बघून हसले. टेस्टिंगच्या खोलीतली खुर्ची मला मिळाली. सहा वर्षं मी तिथे बसले. मग इंटरकॉमचा धंदा बसला आणि कारखाना बंद झाला.

तोवर उल्हासनगरच्या आंटीचे गुडघे गेले होते. महिन्यातून एकदा जात होते ती आठवड्यातून तीनदा जायला लागले, मग रोज. ती आतल्या खाटेवर बसून नंबर ऐकायची आणि डबा सांगायची. मी काउंटरवर बसून माल तपासायचे. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी तयार सेट स्वस्त झाले आणि अ‍ॅम्प्लिफायर घरी करणारी गिऱ्हाइकं कमी होत गेली. आम्ही टीव्हीचे पार्ट ठेवायला लागलो, मग दुरुस्ती. टीव्हीची दुरुस्ती मला आंटीच्या दुकानात बसूनच, चुकत चुकत, शिकावी लागली.

बाबांचा आवाज पंच्याण्णवच्या आसपास बसला. डॉक्टर म्हणाले, कारखान्यातली धूळ. गाणं त्यांनी पार्टीतल्या तरुणांकडे सोपवलं, पण कार्यक्रमाला जायचं सोडलं नाही. ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. बसले की त्यांचा हात व्हॉल्यूमच्या बटणाकडे जायचा. त्यांना ढोलकी कमी आणि गाणाऱ्याचा आवाज जास्त लागायचा, आणि दोन्ही त्यांच्या कानाला बरोबर वाटेपर्यंत सगळं बिघडलेलं असायचं. सुरुवातीला मी त्यांचा हात बाजूला करायचे. नंतर करेनाशी झाले. ते बटण फिरवायचे, मांडवाकडे बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे. गाणं संपलं की मी बटण परत जागेवर आणायचे.